बॉडी

बसमध्ये फोनवर मी म्हणाले,
"बॉडी रिकामीच जातेय अजून,
आज रात्री आत बाइट्स भरून बघते,"
तर शेजारच्या काकूंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली
आणि कर्वे पुतळ्यापर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

काय सांगणार त्यांना.
मेलला वर डोकं असतं: कुणाकडून, कुणाला, विषय.
त्याखाली उरतं त्याला आमच्यात बॉडी म्हणतात
आणि ती तीन दिवस माझ्या हातून
प्रश्नचिन्हांनी भरून बाहेर पडत होती.

काम तसं साधं. सोमवार पेठेतली रक्तपेढी,
जुना सर्व्हर, दात पडत आलेला.
रक्तदात्यांची पत्रं त्यात अक्षरं म्हणून नाहीत,
नुसते आकडे.
२२४, १६४, १३४, २२४, १६४, १३६:
याला "आई" म्हणायचं
हे ज्याला कुणी सांगितलं नाही
तो फक्त मोजत बसणार.
मी ते मजकूर समजून ओतत होते.
ओतायचं नव्हतं. होतं तसं उचलून ठेवायचं
आणि वर चिठ्ठी लावायची, हे कसं वाचावं त्याची.
एक ओळ.
"एवढ्यासाठी तीन दिवस?" निनाद म्हणाला.
त्याला काय, तो हिंजवडीहून बोलतो.

रात्री सव्वा अकरा. खाली अमृततुल्यवाला शटर ओढत होता.
पहिलं पत्र उघडलं,
काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथे.
"आपण दिलेले रक्त पोचले.
कुणाला, ते आम्ही सांगत नाही. कृपया विचारू नये."
सही: कु. ह. ढमढेरे, लिपिक.
आणि सहीच्याही खाली, साच्यात कुठेच नसलेलं,

"ता. क. मागल्या खेपेस आपण चहा न घेता गेलात,
जिन्यात भोवळ आली असे कळले.
यापुढे बिस्किट संपेपर्यंत बसावे."

दुसरं उघडलं. ता. क. वेगळा.
तिसऱ्यात मुलीच्या दहावीची चौकशी.
ढमढेरेबाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
पुढचं पेढीत कुणाला ठाऊक नाही.

निनाद म्हणाला, तेवढं खालचं उडव, जुनं झालंय.
मी म्हटलं, कापता येत नाही,
तीन बाइटचं एक अक्षर, दोनच घेतले
तर चौकोन उमटतो.
चौकोन उमटतो हे खरं.
कापता येत नाही हे खोटं.
तो जेवायला गेला.

चार हजार एकशे बारा पत्रं गेली.
चाचणीसाठी लावलेला माझा पत्ता
काढायचा राहून गेला होता,
म्हणून चार वाजता उत्तर माझ्याकडे आलं:

"बाई, मला पासष्ट उलटली. रक्त आता घेत नाहीत.
नुसता चहाला आलो तर चालेल का?"

उत्तराची खिडकी उघडून बसलेय.
विषय लिहिला: चहा.
बॉडी अजून रिकामी.