नमदा

नारिनच्या शाळेत तिलेक
एका जागी बसतो एकोणीस सेकंद.
बुरुलबाई वहीत लिहितात : एकोणीस.
काल सतरा होते.

मग त्या खुर्चीच काढून घेतात.
ओली लोकर चटईत गुंडाळून, दोरी आवळून
म्हणतात, तुडव.

नऊ वर्षं ज्या पायांना
जो तो म्हणत आला, थांब रे, थांब,
ते आज कामावर लागलेत.
साबणाचा फेस, मेंढीचा वास,
खिडकीला अजून बर्फ.

चटई उलगडली.
लाल निळ्यात शिरलेलं, कड वेडीवाकडी.
काय केलंस हे?
तिलेकला शब्द सापडेना.
त्यानं गाल टेकला त्यावर.
बाईंनी वही उघडली, मिटली.

घरी नेताना आईला दिसलं,
एका पायात मोजा नाही.
तो लोकरीत मुरलाय.
आता निघायचा नाही.