साबणातला सांधा

आमच्या कोविल्यांत नदी गिरणीच्या रंगाने वाहायची.
सोमवारी निळी, गुरुवारी तपकिरी,
संप असला की नुसती पाण्यासारखी.
मी वही-फणीवर होते, एकोणतीस वर्षं.
दिवसाला तीन हजार धागे,
प्रत्येक धागा एका डोळ्यातून ओवायचा,
आणि माझे दोन डोळे त्यातच गेले.

चौकट म्हणजे काय, ते आधी सांगते.
वर एक पट्टी, खाली एक,
कडेला दोन उभ्या दांड्या,
मध्ये तारेच्या वह्या, विंचरलेल्या केसांसारख्या.
माग सुरू झाला की चौकट वर-खाली, वर-खाली,
मिनिटाला दोनशे वेळा ताणा उघडायचा नि मिटायचा.
मोडते ती कुठे? मधोमध नाही.
कोपऱ्यात.
हे मला गिरणीने शिकवलं,
लग्नाने नाही; लग्न मी केलंच नाही.

जुन्या चौकटी बीचच्या लाकडाच्या.
कुसू सालीत ठोकलेलं, वरून सरस, वरून चार स्क्रू.
एक कोपरा सोडवायला अकरा मिनिटं,
एक हातोडी आणि तिबुर्सियूच्या ठेवणीतल्या शिव्या.
शिव्या ऐकू यायच्या नाहीत.
त्या आवाजात आम्ही सगळेच ओठ वाचायचो,
घरी आल्यावरसुद्धा,
जेवताना एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

एर्मिनियू डावखुरा होता.
त्याने बहिणीच्या स्वयंपाकघरात, चीजच्या सुरीने,
कपड्याच्या साबणाच्या वडीतून पहिला सांधा कोरला:
पट्टीच्या पोटात सरकणारी एक जीभ,
जिभेला तिरकी खाच, खाचेत पाचर,
पाचर ओढायला एकच स्क्रू.
अर्धा फेरा, धरलं.
अर्धा फेरा उलटा, सुटलं.
आणि जिभेखाली रबराची पातळ चकती.
ती कशाला, मी ओठांनी विचारलं.
‘धरायचं,’ तो म्हणाला, ‘आवळायचं नाही.
आवळलं की कोपरा चिरतो.’

मग तो पोलादात आला, आणि चालला.
पहिल्या हिवाळ्यात एकही चौकट चिरली नाही.
सेन्योर वालादारेस घड्याळ घेऊन उभे राहिले:
चाळीस सेकंद.
त्यांनी एर्मिनियूचा हात हातात घेतला,
डावा पुढे आला म्हणून जरा गोंधळले,
आणि कचेरीत जाऊन उरलेल्या मिनिटांची बेरीज केली.

बेरीज तीन माणसं निघाली.
रात्रपाळीचे तीन फिटर.
त्यात तिबुर्सियू, एर्मिनियूच्या बहिणीचा नवरा.
ईस्टरच्या आत तो लक्झेंबर्गच्या बसमध्ये बसला,
विटा रचायला.
पहिल्या वर्षी पैसे आले, दुसऱ्या वर्षी पत्र,
नंतर काही नाही.
लुदोविनाने नाताळच्या टेबलावरची भावाची खुर्ची
गच्चीवर नेऊन ठेवली. तिथेच कुजली ती.

एर्मिनियू काही बोलला नाही.
मी खूप बघितलं त्याच्या ओठांकडे.

पुढे गिरणीच बंद पडली.
माग गेले, चौकटी गेल्या, कुठे कोण जाणे;
कुठल्यातरी शेडमध्ये आजही कुणीतरी
अर्धा फेरा फिरवत असेल,
आणि त्याला वाटत असेल, किती सोपं.
नदी आता रोज पाण्यासारखी असते.
मला ती ओळखू येत नाही.

तो फेब्रुवारीत गेला, डोंगरावर बर्फ असताना.
खोली आवरायला मी आणि लुदोविना.
खणात चष्मे, नळाचे वायसर,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो साबण,
हाडासारखा पिवळा, जिभेशी तडकलेला.
हे काय, तिने विचारलं नाही.
पदराच्या खिशात टाकला.

रविवारी मी तिच्याकडे गेले.
खारवलेला कॉड भिजत होता,
आणि मोरीच्या कडेला, बशीत, तो होता.
खाच जवळजवळ गेली होती,
पाचरीची जागा बोटांनी गुळगुळीत केलेली.
तिला ठाऊक होतं की नव्हतं?
मी तिचे ओठ बघत राहिले. मिटलेले होते.
‘हात धू,’ ती म्हणाली, ‘गार होतंय.’

मी बाह्या वर केल्या.
फेस चांगला आला.