दोन टक्के

चावडीहून येणारी शेवटची बस
मला गावडोंगरीच्या फाट्यावर सोडते.
पुढे काजूच्या बागेपाशी
फोनला दोन काड्या रेंज मिळते.
तिथेच उभी राहून मी बघते
आज कुणी काय विकत घेतलं.

नावं दिसत नाहीत. वस्तू दिसतात.
कुकरची शिट्टी, एक.
मांजराचं खाणं, तीन किलो.
कंबरेचा पट्टा, मोठ्या मापाचा.
पुण्यात असेल, पेडण्यात असेल,
कुणीतरी आमच्या लिंकवरून दुकानात शिरलं.
त्याच्या खिशातून पैसा जास्त गेला नाही,
दुकानाने आपल्या वाट्यातले दोन टक्के
सातेरीच्या नावावर लिहिले.

सातेरी म्हणजे आमचं वारूळ.
मी शाळेत जायला लागले तेव्हा माझ्या उंचीचं होतं,
आजही माझ्याच उंचीचं आहे.
तिच्यासाठी छप्पर दोनदा वर उचललं,
तिला कुणी थांब म्हटलं नाही.

रविवारी मांडावर अकरा मुलं येतात.
सोयरूमामा त्यांना देवाची राय दाखवतात :
कुठल्या झाडाला कोयता लावायचाच नाही,
कुठल्याला विचारून लावायचा,
आणि विचारायचं कसं.
शेवंतामावशी धालोची गीतं सांगते, मी टाइप करते,
साइटवर चढवते.
साइटचं भाडं वर्षाला साडेचार हजार.
वह्या आणि मुलांचा चहा-पाव वेगळा.

एक गीत मावशीने दिलं नाही.
"तें मांडार येवन आयकूंक जाय."
म्हणून ते पान मी कोरं ठेवलंय.
सगळ्यात जास्त लोक तेच उघडतात.

पाळोळ्याच्या किनाऱ्यावर एक गोरी बाई म्हणाली होती,
तुम्ही लोक पेगन.
शब्द कडू लागला, म्हणून त्याचं मूळ खणलं.
मामांना सांगितलं, जुन्या लॅटिनमध्ये
गावात राहणाऱ्याला तसं म्हणायचे.
मामांचा अडकित्ता थांबला.
"गांवकार," ते म्हणाले.
"मागीर तें आमचेंच आडनांव न्हय गो?"

पहिले पैसे आले, एकशे बारा रुपये चाळीस पैसे.
मामा म्हणाले, देणाऱ्यांची नावं सांग, गाऱ्हाणं घालतो.
नावं नाहीत मामा, वस्तू आहेत.
ते जरा गप्प राहिले.
मग नारळ हातात घेऊन उभे :
सातेरी माये,
ज्याने शिट्टी घेतली त्याचा भात करपू देऊ नकोस.
ज्याचं मांजर आहे
त्याचं मांजर रात्री घरी येऊ दे.
ज्याची कंबर धरली आहे
त्याला खाली वाकता येऊ दे, उठता येऊ दे.
मुलं हसली.
मामा हसले नाहीत.
पुढच्या आठवड्यात कुणीतरी मिक्सर परत केला
आणि आमचे सव्वीस रुपये कापले गेले.
त्याच्यासाठीही त्यांनी नारळ ठेवला,
नवा मिक्सर तरी बरा निघू दे म्हणून.

काल काजूच्या बागेत उभी होते.
यादीत सहा वस्तू. पाचवी :
पवित्र वारुळाची माती, अडीचशे ग्रॅम,
पूजेसाठी, हवाबंद पाकिटात.
आमचा वाटा, सहा रुपये.

कुणीतरी कुठलंतरी वारूळ फोडलं.
तराजूत घातलं.
आमच्या दारातून ते विकलं गेलं
आणि दाराने आपला हिस्सा घेतला.

मामांना अजून सांगितलं नाही.
सहा रुपये मी हिशेबात धरलेले नाहीत,
सोडलेलेही नाहीत.
वहीच्या मागच्या पानावर
पेन्सिलीने लिहून ठेवलेत.
उद्या रविवार.
अकरा मुलं येतील, बसतील,
आणि मामा विचारतील,
सांग, आज कोणासाठी घालूं?