रकाना सात

कळव्याच्या रुग्णालयात, शरीररचना विभागात
देहदानाचे अर्ज माझ्याकडे असतात.

हेमलता पागधरे, एकोणऐंशी, राहणार खारेगाव.
सही स्वतःची, ठसठशीत, नऊ वर्षांपूर्वीची.
सोबत कुंदाताई आल्या होत्या.
रकाना सात : मृताशी नाते.
पती, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण.
त्यांनी पेन धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.
‘एका चुलीवर एकतीस वर्षं,’ म्हणाल्या.

पुतण्याचा फोन लागेना.
बर्फाचं पाणी
शववाहिनीच्या पायरीवरून गळत राहिलं.
दुपारी गाडी स्मशानाकडे वळली.

त्या वर्षी एका टेबलाभोवती तीस पोरं,
मागची टाचा उंचावून बघायची.

आता वरून पत्र आलंय :
नियम बदलल्यास खर्च किती, अंदाज कळवा.

नवे अर्ज, दोन हजार. रबरी शिक्के, चार.
प्रशिक्षण एक दिवस, चहा-बिस्किटांसह.
संगणकातल्या जादा रकान्याचे
कंपनी वेगळे पैसे मागते.
जुने अर्ज रद्दीत; जमा, अठ्ठेचाळीस रुपये.

रकान्याची रुंदी कोणी सांगितलेली नाही.
‘एका चुलीवर एकतीस वर्षं’
पेन्सिलीने लिहून पाहिलं.
शेवटचा शब्द बाहेर जातो.

दोन ओळींचा धरलाय.
कागद वाढेल.