ऊतक : रेशीमग्रंथी

सायबर चौकातल्या माझ्या खोलीत रात्री अकरानंतर
नेट जरा माणसात येतं.
तेव्हा मी किडा उघडते.
म्हणजे पान उघडते, जनुकांचं. पण सवयीनं
किडाच म्हणते.

अठ्ठावीस गुणसूत्रं, अठ्ठावीस गल्ल्या.
कुठलंही दार वाजवा, आतून ओ येते :
हा अंड्याच्या रंगाचा,
हा कात टाकण्याचा, चारदा.
आणि मग ओळीनं
कार्य अज्ञात
कार्य अज्ञात
कार्य अज्ञात
कुलूप लावून गेलेली घरं,
मीटर मात्र फिरतंय.

धागा ज्याच्यातून येतो तो जनुक लांबच लांब.
त्याच्या प्रथिनाची अक्षरं पडद्यावर मावत नाहीत :
जी ए जी ए जी एस
जी ए जी ए जी एस
कीबोर्डवर मांजर झोपावं तसं तेच ते.
मी आपलं मराठीत वाचते, गा गा गस, गा गा गस.
ज्याला कंठ नाही
त्याच्या पोटात एवढं गा गा
कुणी लिहून ठेवलं?

आमच्या नांदणीच्या घरात रेशीम नाही.
लग्नाच्या फोटोत आई सुती शालूत,
जरा चुरगळलेली, आणि त्याबद्दल ताठ.
कोष उकळतात तेव्हा आत कोण असतं, हे
मला दूध सुटायच्या आधीपासून माहीत.
आई पाणी गाळते आणि गाळलेलं फडकं
उलटं धरून पुन्हा विहिरीत धुते.
डोळ्यांना न दिसणाऱ्यांना
ज्याच्या त्याच्या घरी सोडून येते.

म्हणून ॲडमिशन घेताना मी सांगितलं होतं,
मी फक्त वाचणार. संगणकावर.
एकही मरत नाही गं, अक्षरं आहेत नुसती.
तरी दर रविवारी तिचा फोन, तोच प्रश्न :
"मग? ह्या आठवड्यात किती?"
"शून्य," मी म्हणायची. ती हसायची.
मग दोघी भेंडीच्या भावाकडे वळायचो.

परवा एका नोंदीच्या तळाशी
बारीक टायपात 'नमुना' असं होतं.
दोन वर्षं रोज त्याच्यावरून गेले असेन.
दाबलं.
ऊतक : रेशीमग्रंथी.
अवस्था पाचवी, दिवस तिसरा.
संख्या तीस.

पाचवीचा तिसरा दिवस.
रेशीमघरात बघितलाय मी, कागलजवळ.
तुतीचा पाला टाकला की सगळा रॅक करकरतो,
भूक ऐकू येते अक्षरशः.
तेव्हाच कापावं लागतं. नंतर ग्रंथी रिकामी होत जाते.

रविवारी आईला म्हटलं, "तीस."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"तू?"
"नाही. कुणीतरी. लांब कुठंतरी, मी बालवाडीत असताना."
"नावं लिवलीत का त्यांची?"
"नंबर आहेत."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "बरं न्हाई ते.
पर लिवलंय तरी."
आणि भेंडी विचारलीच नाही.

आज खोत सरांचा निरोप आहे :
यादी फार मोठी झालीये, अज्ञातवाले गाळून टाक,
सोमवारपर्यंत फक्त ओळखीचे पाठव.
गाळणीचं बटण वरती उजव्या कोपऱ्यात असतं.
दाबलं. क्षणात यादी निम्मी.
नीटस, छापण्याजोगी.

खाली चौकात शेवटची रिक्षा यू-टर्न घेते,
तिचा उजेड भिंतीवरून आठासारखा फिरतो,
कोष विणताना त्याचं डोकं फिरतं तसा.

सरांना पाठवायची ती फाईल पाठवली.
मग गाळलेली यादी वेगळी उचलून
तिच्या गल्लीत,
तिच्या नंबरावर,
एकेक परत सोडत बसले.
दीड वाजलाय.
चौथ्या गुणसूत्रापर्यंत आलेय.