ना बुडखा ना शेंडा

उलान-उदेच्या संस्थेत मी काचेची भांडी धुते.
बावीस वर्षं झाली. हातांची सालं निघाली,
भांडं मात्र एकच फुटलं,
तेही कुणाला ठाऊक नाही.

वरच्या मजल्यावर सोएल्मा त्सिरेनोव्ना
पानाला सुईनं टोचते,
टोचल्या जागी जिवाणू सोडते.
मातीतलाच, साधासुधा. जखमेतून आत जातो
आणि पानाच्या वहीत
स्वतःची एक ओळ लिहून ठेवतो.
मग त्याला औषध घालून मारतात.
ओळ राहते.
तीन आठवड्यांत पानालाच मुळं फुटतात,
पांढरी, केसाळ, अंधारात वाढणारी,
खाली जायचं असतं हे ज्यांना
कुणी सांगितलेलंच नाही.
ना बुडखा, ना शेंडा. नुसती मुळं.

हीच मुळी आई खणायची
सेलेंगाच्या पलीकडे, वाळूच्या उतारावर.
वर जांभळी फुलं,
आत जुन्या लोण्यासारखी पिवळी.
तीन दिसल्या तर एक घे, म्हणायची,
खड्ड्यात घोटभर दूध ओत, माती परत लोट.
पुढे ट्रक आले, पोत्यांना भाव आला,
माणसं उताराच्या मुळावर उठली.
आता तिथे खड्डे आहेत
आणि खड्ड्यांत बर्फ.

आमच्यात नावाआधी कूळ विचारतात.
मला नऊ पिढ्या घडाघडा येतात:
बादमा, त्याचा बाप सोदबो, त्याचा बाप आबिदा...
एकदा धुता धुता वरून आलेल्या बाटलीला विचारलं,
तू गं कुणाची?
बाप म्हणावा तर मारून टाकलेला.
आई म्हणावी तर एक पान,
केव्हाच केरात गेलेलं.

जानेवारीत, उणे एकोणचाळीसला, वीज गेली.
बाटल्या हलवणारं टेबल थांबलं.
त्या पातळ खाण्यात मुळं बुडालेली असतात,
हलवलं नाही तर गुदमरतात.
पहारेकरी गार्मा म्हणाला, जनित्रातलं डिझेल गोठलंय.
सोएल्मा फोनवर म्हणाली, सकाळपर्यंत तर...
आणि पुढे बोललीच नाही.

चाळीस बाटल्या. दोन हातांत दोन,
मनगटातून गोल, गोल,
मग पुढच्या दोन.
गार्मालाही दिल्या. हातमोजे काढ म्हटलं, निसटतील.
तो म्हणाला, कुणाची पोरं जोजवतोय गं आपण?
मी म्हटलं, मोजत राहा.
मध्येच त्यानं आपल्या घोडीची गोष्ट काढली,
ती मला आता आठवत नाही.

साडेपाचला दिवे आले.
सहा बाटल्या तपकिरी पडल्या होत्या.

अशी मुळं बाहेर टाकायची नसतात.
परकी ओळ मातीत जाऊ नये, नियम आहे.
वाफेच्या भांड्यात घालून आधी शिजवायची.
मीच घातली. झाकणही मीच आवळलं.
मग सोडा, घासणी, तीनदा कढत पाणी.
चौथीच्या तळाशी पिवळं वर्तुळ राहिलं,
किती घासलं तरी जाईना.

चहासाठी आणलेलं थोडं दूध होतं डब्यात.
ओतायला खड्डा नव्हता.
उकळलं, चहात घातलं,
अर्धा गार्माला दिला.
बाटली ओली होती तशीच
फळीवर पालथी घातली.