एक तीन, एक तीन सहा

मुगभाटातल्या आमच्या दुकानात
परवा एक मुलगा आला माहितीपत्रक घेऊन.
कडेने ब्रेलची नक्षी हवी, म्हणाला.
अर्थबिर्थ काही नको, नुसती टिंबं, छान दिसतात.
तेव्हा पहिल्यांदा उघडला मी तो तक्ता:
दोनशे छप्पन्न चौकटी,
कुणी मोहरी मोजून मांडून ठेवल्यासारख्या.

नक्षी झाली. मुलगा पैसे देऊन गेला.
तक्ता उघडाच राहिला.

आणि आठवल्या कुमुद धुरी,
बँकेच्या फोनवर तीस वर्षं
'थांबा, जोडून देते' म्हणणाऱ्या,
आता चिराबाजारात, तिसऱ्या मजल्यावर.
त्यांची पत्रं मी वाचून दाखवतो
आणि त्या माझ्या नुसत्या अडखळण्यावरून सांगतात
कुठे काना सुटलाय.

म्हटलं, आज त्यांच्याच लिपीत त्यांचं नाव धाडू.
एकेक अक्षर शोधलं, चिकटवलं

⠅⠥⠎⠥⠙

आणि पाठवलं,
ज्याचं झाड त्याच्याच ओट्यावर
फूल ठेवून यावं तसं.

लगेच फोन. हसत होत्या.
"अरे, काच आहे ही. काचेवर काय चाचपू?
बोट फिरवलं की पुढचंच काहीतरी उघडतं.
आणि हा आतला बाप्या ऐक कसा वाचतोय,
टिंब एक तीन. टिंब एक तीन सहा.
हाउजीचे आकडे पुकारतोय मेला."

मी गप्प.
मग पलीकडून टकटक ऐकू आली.
टेबलाच्या लाकडावर दोन्ही हातांची
तीन-तीन बोटं,
ब्रेलच्या यंत्रावर पडायची तशी,
आकड्याला बोट, आकड्याला बोट.
कानात पडलेलं पुन्हा हातात उतरत होतं.

"क... उकार... थांब.
दोन तीन चार? तो स झाला.
मी कुसुद कधीपासून रे?"

माझे वडील याच गल्लीत खिळे जुळवायचे.
दिवे गेले तरी हात थांबत नसे,
उलटा भ आणि उलटा म
अंगठ्याला वेगळे लागायचे त्यांच्या.
मला डोळे आहेत, माऊस आहे, चष्मासुद्धा आहे,
आणि माझ्या हाताखाली
एकही अक्षर उंच नाही.

सुधारून पाठवलं.

⠅⠥⠍⠥⠙

उत्तर नाही.
रात्री शटर ओढताना आला एक संदेश,
कोरा.
पण कोरं काही पाठवू देत नाही हा फोन,
एवढं मला धंद्यामुळे ठाऊक.
शटर परत वर केलं, मोठ्या पडद्यावर उघडून पाहिलं:
तक्त्यातली पहिलीच चौकट ती,
एकही टिंब न उठलेली.
सुटलेली जागा नव्हे, अक्षरच,
आपल्या रुंदीची जागा मोजून घेतलेलं.

त्यांच्या बाप्याने हे काय म्हणून वाचलं असेल?
चुकून गेलं की मुद्दाम,
विचारायचं उद्या.
आत्ता नुसतं पडद्यावर बोट ठेवून पाहिलं.
गुळगुळीत.
थोडं कोमट.